उंच जीपवाले काका

आमच्या घरमालकांच्या जीपमध्ये चढायला चौरंग लागायचा. देवघरातला, सत्यनारायणाला मांडतात तोच. नंदाखालच्या त्यांच्या वाडीत मी खोली भाड्याने घेतली तेव्हा मला आणायला ते स्वतः विरार स्टेशनवर आले होते. मी कऱ्हाडकडची, आगाशीच्या शाळेत नवीन लागलेली, अंगावर कडक इस्त्रीची साडी आणि हातात ट्रंक. समोर लष्करातून बाद झालेली हिरवी जीप, तिचा तळ माझ्या कमरेच्या वर. मी विचारलं, "यात बसायचं कसं?" त्यांनी मागून चौरंग काढला, भर रस्त्यात मांडला, रुमालाने पुसला आणि म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही, बाई, पण उजवा पाय आधी टाका." मी टाकला. भाजीवाल्या बायका हातातलं काम सोडून बघत होत्या.

"माझं काही म्हणणं नाही" हे शब्द कानावर पडले की घरातली माणसं बूड टेकून बसायची, कारण त्यानंतर निदान अर्धा तास काकांचं म्हणणं चालायचं. वांग्याला कीड का लागते, हल्लीची पोरं मान खाली घालून का चालतात, आमच्या हेडमास्तरांनी शाळेची घंटा कशी टांगावी, यातल्या कशावरच त्यांचं काही म्हणणं नव्हतं. बोलताना हातात चहाची बशी असायची. चहा संपला तरी ते फुंकतच राहायचे. मग काकू हळूच येऊन बशी काढून न्यायच्या आणि काका रिकाम्या हातावर आणखी दोन-तीन फुंकरा घालायचे.

माझ्याशी ते पुस्तकातलं मराठी बोलायचे. मास्तरीण म्हणून माझा मान. जीपशी मात्र घरची बोली. सकाळी बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "उठ गो बाय, नखरे नको करू." ती खोकली की म्हणायचे, "उठली माझी बाय." काकूंशी इतक्या लाडाने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही, आणि तसं मी एकदा काकूंना म्हटलंही. काकू भाजी चिरत म्हणाल्या, "तिला ऐकायला येत नाही म्हणून बोलतात."

जीप काही जन्माने तेवढी उंच नव्हती. चाकांचा आस आणि त्यावरचे स्प्रिंगचे पाटे यांच्यामध्ये काकांनी लाकडाचे जाडजूड ठोकळे घालून घेतले होते, चार चाकांना चार. वर ट्रकचे टायर. त्यामुळे गाडी हातभर वर गेली होती आणि वळणावर अशी डुलायची की माझा डबा मांडीवरून घरंगळायचा. कुणी विचारलं तर काका सांगायचे, पावसात रस्त्यावर पाणी चढतं, इंजिनात जाऊ नये म्हणून. हे खरंही होतं. पण पावसाळा चार महिन्यांचा. उरलेल्या आठ महिन्यांचं कारण शेजारच्या वाडीत, अडुळशाच्या कुंपणापलीकडे राहत होतं. ते म्हणजे काकांचे सख्खे धाकटे भाऊ.

दोघांचं बोलणं बंद होतं. वडिलांमागे वाडीचे दोन भाग झाले, आणि हद्दीवर एक फणस उभा राहिला, ना याचा ना त्याचा. त्याची मुळं धाकट्यांच्या विहिरीचा कठडा उचलायला लागली म्हणून त्यांनी तो तोडला. विचारलं नाही. काका त्या दिवशी लग्नाला गेले होते. परत येऊन बघतात तर आकाश मोकळं. त्यांनी गाव डोक्यावर घेतलं आणि चारचौघांत शपथ घेतली, "या जमिनीवर उभा राहून पुन्हा तुझं तोंड बघणार नाही." धाकट्यांनीही मग तिथे आणि गल्लीच्या कडेनेही अडुळसा लावला आणि वाढू दिला, पार डोक्याच्या वर. फणसाचं अर्धं लाकूड मात्र त्यांनी मोजून काकांच्या अंगणात आणून टाकलं. ते बरीच वर्षं तिथे पडून होतं. जीप आली तेव्हा काकांनी त्यातूनच ठोकळे कापून घेतले.

आता शपथ म्हणजे शपथ. पण काकांचं डोकं कसं चालायचं ते सांगते. जीपमध्ये बसलं की पाय जमिनीवर नसतात. मग जमिनीवर उभं राहिल्याचा प्रश्नच येत नाही. आणि जाता जाता बसल्या जागेवरून कुणी दिसलंच, तर त्याला बघणं म्हणत नाहीत. हे त्यांनी मला वकिलासारखं समजावून सांगितलं होतं. त्यासाठी फक्त डोळे कुंपणाच्या वर यायला हवे होते.

मला ते रोज शाळेपर्यंत सोडायचे, त्यामुळे हा सोहळा मी रोज पाहायचे. गल्लीत शिरलं की गाडी पहिल्या गिअरवर. उजवीकडे अडुळसा, त्याच्यावरून धाकट्यांची विहीर. ते कठड्यावर बसून दात घासत असायचे, पाठमोरे नाहीत, चांगले रस्त्याकडे तोंड करून. काका मान वळवायचे नाहीत, फक्त बुबुळं फिरवायचे. गल्ली संपली की म्हणायचे, "माझं काही म्हणणं नाही, पण त्याने दाढी केली नाहीये." नाहीतर, "मान बारीक झाली त्याची." परत येतानाही धाकट्यांची वाडी उजव्याच हाताला यावी म्हणून ते लांबचा वळसा घेऊन त्याच तोंडाने गल्लीत शिरायचे. पेट्रोल जळायचं ते जळो.

तसं पाहिलं तर खबर घरात मिळायचीच. दोघी जावा रोज कुंपणाच्या फटीतून बोलायच्या. बोंबलांचं कालवण इकडून तिकडे जायचं, रिकामं भांडं तिकडून भरून यायचं. बायकांनी शपथा घेतलेल्या नव्हत्या. पण काकांना खबर नको होती, त्यांना माणूस डोळ्यांनी बघायचा होता. धाकट्यांना कावीळ झाली त्या महिन्यात तर काकांना दिवसभर काही ना काही आणायला बाहेर पडावं लागत होतं. कधी खिळे, कधी मीठ. काकूंनी शेवटी मला डबे उघडून दाखवले. "बघा बाई, एवढ्या मिठात मी अख्खी वसई खारवीन. पण बोलणार कोण?" धाकटे उठून विहिरीवर येऊन बसले त्या दिवशी मिठाची आवक बंद झाली.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण गल्लीला डावी बाजूही होती.

डावीकडे तीन-चार घरांच्या मागच्या बाजू होत्या, आणि मागच्या बाजूला न्हाण्या. माडाच्या झापांचा आडोसा, वर आभाळ. एरवी कुणाला काही दिसायचं कारण नाही. पण काकांच्या जीपमधून आडोशाच्या आत सगळं उघडं. काका सज्जन माणूस, गल्लीच्या तोंडाशीच हॉर्न द्यायचे. हॉर्न वाजला की आतली बाई मटकन खाली बसायची. गाडी पहिल्या गिअरवर, म्हणजे गल्ली संपायला बराच वेळ. तोवर अंगावरचा साबण वाळायचा. काविळीच्या महिन्यात तर बायकांचा जीव मेटाकुटीला आला.

शेवटी एका रविवारी त्या सगळ्या आमच्या अंगणात आल्या. पुढे पलीकडच्या घरातल्या आजी, त्यांना गावात कुणी उलट बोलत नसे. त्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांचं वय झालं. आंघोळीला किती वेळा उठाबशा काढू?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आजी हसल्या नाहीत. "लोकं बोलायला लागलीत. म्हणतात, हा माणूस सावकाश का जातो? गाडी खाली आण, नाहीतर दुसरा रस्ता धर."

काका पांढरेफटक पडले. मला त्यांची इतकी दया आली म्हणून सांगू. त्या माणसाने जन्मात डावीकडे बघितलं नव्हतं. मी रोज शेजारी बसत होते, मला ठाऊक. एवढं एक वाक्य बोलले असते, की मी उजवीकडे बघतो, तर अब्रू वाचली असती. पण मग पुढचा प्रश्न आला असता, उजवीकडे काय आहे? काकांचं खरोखरच काही म्हणणं नव्हतं, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

बायका गेल्यावर मी म्हटलं, "काका, खरं कारण सांगून टाका ना. भावाला बघता, त्यात लाजायचं काय?"

ते म्हणाले, "बाई, गावाला सांगितलं की त्याला कळणार. त्याला कळलं की तो आत जाऊन बसणार. तो माझाच भाऊ आहे, त्याचा ताठा मला माहीत आहे. मग मी काय बघू, रिकामी विहीर?"

कुंपण तर धाकट्यांचं, ते छाटा म्हणायची सोय नव्हती. गाडी खाली आली तरी भाऊ गेला आणि खरं कारण फुटलं तरी भाऊ गेला. काकूंनी मात्र निकाल दिला. "शेजारणींत मला तोंड दाखवायला जागा ठेवायची असेल तर गाडी खाली आलीच पाहिजे," एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवसापासून घरात मासळी रांधायची बंद केली. काकांनी चार दिवस दुधी खाल्ला. पाचव्या दिवशी तुळिंजच्या गॅरेजात जायचं ठरलं. मला त्या बाजूला मैत्रिणीकडे जायचं होतं, म्हणून मीही बरोबर गेले. जायला नको होतं.

तुळिंजचा मेकॅनिक तरणा माणूस, गाडीखाली सरकला आणि तिथूनच ओरडला, "काका, हे लाकूड कोणी टाकलं? एवढे दिवस जिवंत कसे तुम्ही?"

काका म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही, पण डाव्या बाजूचे दोन काढ. उजवे राहू दे."

मेकॅनिक बाहेर आला. त्याने काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "एक साइड खाली, एक साइड वर? असं नाय होत काका. गाडी काय झोपाळा हाय? बॅलन्सची वाट लागेल."

"बायकांच्या बाजूला खाली हवी. त्यांचं म्हणणं तेवढंच आहे."

मेकॅनिकने हात टेकले. त्याने जॅक लावला, डावीकडचे यू-बोल्ट सोडले, ठोकळे काढले, पाटे आसावर बसवून पुन्हा आवळले. गाडी जॅकवरून उतरली आणि डाव्या कुशीवर कलली. काका तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "शोभते." पैसे घेताना मेकॅनिक मला हळूच म्हणाला, "म्याडम, तुम्ही रिक्षाने जा." मला त्याचं ऐकायची अक्कल झाली असती तर पुढचं मला सांगता आलं नसतं.

येताना मी डावीकडे, म्हणजे उताराला. एका हाताने वरचा दांडा धरला, दुसऱ्याने साडी. प्रत्येक खड्ड्याला काका माझ्या दिशेने घसरायचे, "माफ करा हं बाई" म्हणून परत वर चढायचे. जीपला बजावत होते, "सरळ चाल गो, बाई बसल्यात." गल्लीपर्यंत आम्ही आलो, हे जीपचे उपकार. तिथे त्यांनी हॉर्न दिला, पहिला गिअर टाकला आणि बुबुळं उजवीकडे फिरवली. डाव्या अंगाला वाडीत पाणी नेणारा पाट होता. गाडी हळूहळू, अगदी शांतपणे, त्यात जाऊन निजली.

मी पाटात उभी, गुडघाभर चिखल, कडक इस्त्री स्वर्गाला. लागलं कुणालाच नाही. न्हाण्यांमागून बायका धावत आल्या, मागोमाग गडी माणसं आली. आणि अडुळशापलीकडून खांद्यावर फळी घेऊन धाकटे आले. मी त्यांना इतक्या जवळून प्रथमच पाहत होते. तेच नाक, तीच कपाळावरची उभी शीर.

काका अजून स्टिअरिंगला धरून बसलेले. सगळे म्हणाले, उतरा, वजन कमी होईल. काका उतरेनात. मला कारण कळलं. उतरायचं म्हणजे जमिनीवर उभं राहायचं, आणि समोर धाकटे. मग त्या अवजड माणसासकट गाडी ओढायचं ठरलं. धाकट्यांनी फळी चाकाखाली सारली आणि हवेत बघून बोलले, "ड्रायव्हरला सांगा, मी म्हणेन तेव्हा गिअर टाक."

काका समोरच्या काचेला म्हणाले, "मागच्यांना सांगा, फळी आणखी आत घाला."

असं गावाच्या मध्यस्थीने त्यांचं पहिलं संभाषण झालं. गाडी निघाली. निघताना उजवी बाजू उघडी पडली, तेव्हा धाकटे वाकले आणि पाट्याखालच्या लाकडावर त्यांनी अंगठा फिरवला. पिवळं लाकूड, तेलामातीने माखलेलं, तरी ओळखू येण्यासारखं. ते तसेच वाकून राहिले. मग फळी उचलून आपल्या वाडीत गेले.

त्या संध्याकाळी काकूंनी मला गरम पाणी दिलं, हळद-दूध दिलं आणि नवऱ्याला सांगितलं, "पोरीचा हात मोडला असता तर तिच्या आईला काय सांगणार होतात? उद्या उरलेले दोन काढून या." काका वाद न घालता गेले. ट्रकचे टायरही बदलून आले. मी शाळेतून परतले तर अंगणात एक साधी, बुटकी, चारचौघींसारखी जीप उभी होती, आणि ओट्याच्या कडेला काका.

गल्लीत आनंदीआनंद. आजींनी मला केळफूल पाठवलं, जणू मीच गाडी उतरवली. घरात पापलेट आलं. काकांनी अर्धं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गल्लीत शिरलो. काकांनी सवयीने पहिला गिअर टाकला, बुबुळं उजवीकडे फिरवली. हिरवा अडुळसा. पानं, पानं आणि पानं. पलीकडे पाणी ओतल्याचा आवाज आला, कुणीतरी खाकरलं. काकांनी गाडी जवळजवळ थांबवली होती. मी म्हटलं, "थोडं उभं राहून बघा ना. पाय जीपमध्येच आहेत." वर कापडी टप होता, पण अडचण ती नव्हती. ते म्हणाले, "उठून बघितलं म्हणजे मुद्दाम बघितलं, बाई. बसल्या बसल्या दिसलं तर गोष्ट वेगळी." स्वतःच केलेल्या कायद्यात माणूस असा अडकला होता, आणि मला रागही आला आणि रडूही आलं.

त्यानंतर ते म्हातारे दिसायला लागले. हेडमास्तरांच्या घंटेबद्दल बोलेनासे झाले. मी शाळेतून चालत आले की विचारायचे, "त्या वाटेने आलात का? विहिरीवर कुणी होतं?" मी सांगायचे, होते, दाढी केलेली होती, शर्ट निळा. "खोकत होता?" नाही. "बरं." मी शिकवायला आले होते आणि रोज संध्याकाळी माझीच तोंडी परीक्षा व्हायची. पण बघितल्याचं समाधान माझ्या सांगण्यातून त्यांना कसं मिळावं? काकू म्हणाल्या, "पुन्हा वर करतील बघा गाडी." मलाही तेच वाटत होतं. चारही ठोकळे त्यांनी पुसून पलंगाखाली ठेवलेले मी पाहिले होते.

पंधरवडा गेला असेल. सकाळची वेळ, आम्ही नेहमीसारखे गल्लीत. पहिला गिअर. अडुळसा आला आणि त्याच्या वर एक डोकं आलं.

धाकटे माडावर चढायची शिडी कुंपणाला टेकवून वर उभे होते. हातात कोयता, जणू कुंपण छाटायला आलेत. एक पान कापलेलं नव्हतं. शिडी हलत होती. काकांचा पाय ब्रेकवर गेला आणि गाडी बंद पडली.

धाकट्यांनी कोयत्याने एक फांदी उगाच तोडली. मग फांदीकडे बघत म्हणाले, "गाडी कशाला उतरवलीस? रोज दिसायचास."

काकांनी आता बुबुळं फिरवली नाहीत. अख्खी मान वळवली आणि सरळ वर बघितलं. म्हणाले, "आधी खाली उतर. पडशील. काविळीतून उठलाय, अंगात जोर आहे का?"

"उतरलो तर तू दिसणार कसा?"

मी खिडकीबाहेर न्हाणीच्या झापांकडे बघत बसले, कारण माझे डोळे भरले होते आणि ते कुणाला दाखवायचे नव्हते. शाळेची घंटा मला चुकणार होती आणि चुको, असं मनात म्हणत होते.

"तू उतर," काका म्हणाले. "मी येतो तिकडे."

त्यांनी किल्ली काढली, उजवा पाय बाहेर टाकला. जीप आता इतकी खाली होती की तो सरळ जमिनीला लागला.